शिक्षकांचा व्यावसायिक विकास (कोल्हापूर जिल्हा)

शिक्षकांचा व्यावसायिक विकास म्हणजे सेवेत असलेल्या शिक्षकाने आपले विषयज्ञान, अध्यापनकौशल्य आणि विद्यार्थ्यांविषयीची समज सातत्याने वाढवत नेण्याची प्रक्रिया होय. सेवांतर्गत प्रशिक्षण, शिक्षण परिषदा, कृतिसंशोधन, वाचन व सहकाऱ्यांशी चर्चा ही तिची प्रमुख साधने आहेत. ही प्रक्रिया शिक्षकाने स्वतः ठरवलेल्या ध्येयांनी चालावी की वरून आलेल्या आदेशांनी, हा या क्षेत्रातील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. शिक्षणाचा प्रसार खेडोपाडी करायचा, तर शाळांबरोबरच शिक्षकांची तयारीही आवश्यक ठरते.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जयंत पांडुरंग नाईक (१९०७–१९८१) यांनी भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठाची उभारणी केली. पुढे ते कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस या आयोगाने केली. जवळपासच्या शाळांनी एकमेकींना साहाय्य करावे, यासाठी शाळासमूहाची कल्पनाही आयोगाने मांडली.

सध्याची रचना

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातही अशी संस्था कार्यरत आहे. केंद्र पातळीवर परिसरातील शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेत एकत्र येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासात सहभागी होणे अपेक्षित आहे.

महाराष्ट्रात १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठी विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यामुळे प्रशिक्षणाला आर्थिक महत्त्व प्राप्त होते; मात्र प्रमाणपत्र मिळवणे हेच ध्येय होऊन बसण्याचा धोकाही निर्माण होतो.

ध्येयनिश्चिती

मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक व गॅरी लॅथम यांच्या ध्येयनिश्चिती सिद्धान्तानुसार, संदिग्ध ध्येयापेक्षा स्पष्ट आणि आव्हानात्मक ध्येयाने कामगिरी अधिक सुधारते. त्यासाठी ध्येयाविषयीची बांधिलकी व प्रगतीची वेळोवेळी माहिती आवश्यक असते. उदाहरणार्थ, ‘वाचन सुधारणे’ हे ध्येय संदिग्ध आहे. ‘जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या तिसरीतील विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत परिच्छेद सलग वाचता यावा’ हे ध्येय मात्र तपासता येते. काम नवे व गुंतागुंतीचे असल्यास केवळ निकालाच्या आकड्यापेक्षा नवी पद्धत आत्मसात करण्याचे ध्येय अधिक उपयुक्त ठरते, असेही या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. शिक्षक-शिक्षणातील कृतिसंशोधन याच दिशेने जाते. वर्गातील एक समस्या निवडणे, तिच्यावर उपाय योजणे, नोंदी ठेवणे व परिणाम पाहून पुढील उपाय ठरवणे, हे त्याचे टप्पे आहेत.

प्रेरणा

एडवर्ड देसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे संबंध या तीन गरजा पूर्ण झाल्यास आंतरिक प्रेरणा टिकते. कोल्हापुरातील सृजन आनंद विद्यालय हे या संदर्भात उल्लेखनीय उदाहरण आहे. अध्यापक महाविद्यालयांत दीर्घकाळ काम केलेल्या लीला पाटील यांनी १९८५ मध्ये ही मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा सुरू केली. भावी शिक्षक घडवण्याचा अनुभव त्यांनी येथे प्रत्यक्ष वर्गाशी जोडला. पाठ्यपुस्तकाबाहेरचे अनुभव अध्यापनात आणायचे, तर शिक्षकालाही उपक्रम आखण्याचे स्वातंत्र्य लागते; त्यामुळे अशा शाळेत शिक्षकाचे शिकणे दैनंदिन कामाचाच भाग होते.

अडचणी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. तथापि या कामांचा व कार्यालयीन माहिती भरण्याचा भार हा शिक्षकांच्या नेहमीच्या तक्रारीचा विषय आहे. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत अंतराची अडचणही येते. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणास गेल्यास सर्व वर्गांची जबाबदारी दुसऱ्यावर पडते. दीक्षासारख्या ऑनलाइन व्यासपीठांमुळे प्रवास वाचतो. परंतु एकट्याने पाहिलेल्या चित्रफिती सहकाऱ्यांशी होणाऱ्या चर्चेची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. त्यामुळे केंद्रातील शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनापेक्षा वर्गातील अनुभवांना किती वेळ मिळतो, यावर तिची उपयुक्तता बऱ्याच अंशी अवलंबून असते.