बंडाला रोग ठरवणारे औषध

१८५१ साली अमेरिकेत डॉ. सॅम्युअल कार्टराइटने मालकापासून पळणाऱ्या गुलामाला 'ड्रेपटोमेनिया' हा मनोरोग चिकटवला. गुलामगिरी गेली, वृत्ती राहिली. १९६८ मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या बंडाला 'प्रोटेस्ट सायकोसिस' म्हटले. १९७४ मध्ये मनोविकारशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात 'हॅलडॉल'ची जाहिरात आली. चित्रात मूठ आवळलेला, संतापलेला कृष्णवर्णीय पुरुष. उपाय म्हणून गोळी. वाचणारे डॉक्टर, विकणारी कंपनी!

ब्लॅक पँथरची प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणून ती मूठ आम्ही ओळखतो. मनाचे आजार खरे असतात, गरज पडली तर औषध घ्यावेच. पण अन्यायाची चीड हा आजार नव्हे. निदान कोण करतो आणि त्यावर कोण कमावतो, हे आपण विचारलेच पाहिजे.