दावे आणि धनी



काकतीतील आमच्या घरची म्हैस विकली गेली, तेव्हा नवा धनी आपले दावे घेऊन आला होता. जुने दावे वडिलांनी सोडून घेतले. जनावर द्यावे, दावे देऊ नये, अशी आमच्या घरची रीत होती. दुभते गेले, तरी ते दावे कित्येक वर्षे गोठ्यातील खुंटीला लटकत राहिले. एका मोठ्या दूधघराच्या विक्रीविषयी आज बोलताना मला त्याचीच आठवण होते.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर येथे निर्मल कुटुंबाने १९९८ साली ‘प्रभात डेअरी’ सुरू केली. शेतकऱ्यांकडून दूध घ्यावयाचे आणि त्यावर प्रक्रिया करावयाची, असा हा व्यवसाय. २०१५ साली तिचे समभाग शेअरबाजारात आले. जानेवारी २०१९ मध्ये हा दुग्धव्यवसाय १७०० कोटी रुपयांस ‘तिरुमला मिल्क प्रॉडक्ट्स’ या कंपनीला विकण्याचा करार जाहीर झाला. ही कंपनी २०१४ सालीच फ्रान्समधील ‘लॅक्टालिस’ समूहाकडे गेली होती.

नवलाची गोष्ट अशी की, हा परदेशी धनीही मूळचा घरगुतीच. लाव्हाल या गावी आंद्रे बेनिये यांनी १९३३ साली ३५ लिटर दुधापासून चीजच्या १७ चकत्या केल्या. तेथून हा पसारा वाढला. समूहाची सूत्रे आज त्यांच्या नातवाकडे आहेत.

एका घराण्याकडून व्यवसाय दुसऱ्या घराण्याकडे गेला. यात दूध घालणाऱ्याचे स्थान कोणते? आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९६३ साली स्थापन झालेल्या, ‘गोकुळ’ म्हणून सर्वपरिचित असलेल्या जिल्हा दूध संघात उत्पादक गावच्या संस्थेचा सभासद असतो. ती संस्था संघाची सभासद असते. खाजगी डेअरीत मात्र तो पुरवठादार असतो. विक्रीच्या वेळी त्याचे मत कोणी विचारीत नाही. खाजगी धन्याला मी दोष देत नाही. चोख भाव आणि वेळेवर पैसे देणारा धनी कोणालाही हवाच असतो. परंतु इतिहास खरेदीखतावर सही करणाऱ्यांचीच नावे जपतो, पहाटे धार काढणारीचे नाव कोठेच उरत नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपापल्या घरच्या गोठ्याचा इतिहास लिहून ठेवा: जनावरे किती होती, रतीब कोणाकडे जात असे, गोठा केव्हा मोडला आणि का मोडला. जनावर गेले, तरी दावे आपल्या हाती राहावे.