शिक्षणासाठी गाव सोडताना

शिक्षणासाठी घर सोडणे ही आपल्या जालना जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 1608 साली जन्मलेला हा मुलगा लहान वयातच घर सोडून नाशिकजवळ टाकळीस गेला आणि तेथे बारा वर्षे राहिला, असे परंपरा सांगते. त्याची दिनचर्या कशी होती? पहाटे सूर्यनमस्कार, मग नदीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी पायी पंचवटीत जाऊन माधुकरी आणि त्यानंतर ग्रंथवाचन. विद्या आणि व्यायाम यांची फारकत तेथे नव्हती. पुढे समर्थांनी गावोगाव मारुतीची देवळे उभारली. मारुती म्हणजे बळाचे दैवत. देवळापाशीच तालीम, हे चित्र आपल्या खेड्यापाड्यांत त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहिले.

आता निजामाच्या राजवटीत येऊ. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते. पदवी हवी तर बहुतेकांना हैदराबाद गाठावे लागे. मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली होती, आणि जालना त्याच मार्गावर. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण तेथील शिक्षण उर्दूतून. मराठी मुलाने घर सोडायचे आणि भाषाही बदलायची! 1938 साली औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटले, त्यावर बंदी आली, आणि न ऐकणाऱ्यांना काढून टाकण्यात आले. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी त्यांपैकी अनेकांना आपल्या विद्यापीठात जागा दिली. एका गीतासाठी मुलांना दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावे लागले.

विदर्भात तेव्हा आखाड्यांची मोठी परंपरा होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची. याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले. शिकलेल्या तरुणाने मल्लखांबावर चढावे, यात तेथे कुणाला कमीपणा वाटत नसे.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांना शाळेचा उंबरठाही बंद होता, त्यांची मुले वसतिगृहात राहून पदवीधर होऊ लागली. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादची वाट आता साठ किलोमीटरवर आली. 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. 2018 साली तर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र जालन्यातच सुरू झाले, आणि बाहेरची मुले शिकायला आपल्याकडे येऊ लागली.

वाट सोपी झाली, हे उत्तमच. पण या वाटेवर एक गोष्ट हळूच सुटली, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. खेड्यातल्या मुलाला व्यायाम वेगळा करावा लागत नाही. शाळेला पायी जाणे, विहिरीचे पाणी, गुरांची वैरण, सुगीतली कामे, यांत शरीर आपोआप घडते. तोच मुलगा पुण्याला किंवा संभाजीनगरला गेला की दिवसभर बाकावर, संध्याकाळी अभ्यासिकेत आणि रात्री मोबाइलपुढे. भूक मात्र शेतकऱ्याचीच! याच जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्याचे शरीर कष्टाने झिजते, आणि शिकायला गेलेल्याचे कष्टावाचून गंजते. दोघेही घर सोडूनच गेलेले.

ही नुसती काळजी नव्हे. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर येथील कारखान्यांतील कामगार आणि त्यांची गावी राहिलेली भावंडे यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. शहरात आलेल्या पुरुषांत मधुमेहाचे प्रमाण गावच्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळले. एकच आईबाप, एकच रक्त. बदलली ती राहणी.

मग उपाय काय? फार मोठा खर्च नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपाझप चालणे. सूर्यनमस्काराला तर सतरंजीएवढी जागा पुरते. मुलींच्या बाबतीत जास्त दक्षता हवी. गावी त्या पाणी आणतात, शेतात राबतात, पण परगावी ‘बाहेर कशाला हिंडतेस’ म्हणून त्यांना खोलीतच बसवले जाते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दहावी-बारावीच्या वर्षी कवायतीचा तास गणिताला देऊन टाकू नका. तुमच्या हातून गेलेला मुलगा पुढे कोणत्या गावी राहील, हे तुम्हांला ठाऊक नसते. पण पहाटे उठून अंग मोडायची सवय लागली, तर ती त्याच्याबरोबर कुठेही जाते. आणि आईबापांनो, मुलाला फोनवर ‘जेवलास का?’ असे आपण रोज विचारतो. त्याच दमात ‘आज चाललास किती?’ हेही विचारत चला.