आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेला निवाडा

आनंदीबाई जोशी म्हटले की ‘परदेशातून डॉक्टर होऊन आलेली पहिली मराठी स्त्री’ एवढे बोलून आपण थांबतो. गोपाळरावांना कुणी द्रष्टा सुधारक ठरवतो, कुणी छळवादी नवरा. या नात्याचा सर्वांत नेमका निवाडा मात्र खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आहे. आजचा धागा त्या पत्राविषयी.

१८७४. कल्याणची यमुना, वय नऊ. नवरा टपाल खात्यातला बिजवर कारकून, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकू द्यावे, ही लग्नापूर्वीची त्याचीच अट.

गोपाळराव हट्टी, विक्षिप्त, आणि लोकांना डिवचण्यात रमणारे. इतर नवरे बायको पुस्तक घेऊन बसली म्हणून मारीत. हे गृहस्थ पुस्तक सोडून चुलीपाशी बसली म्हणून मारीत. हा प्रसंग आपण अजूनही कौतुकाने सांगतो, हे मला चमत्कारिक वाटते. हेतू उदात्त असला तरी मार खाणारे अंग दहा-बारा वर्षांच्या मुलीचे होते.

वयाची पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच तिला मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. डॉक्टर होण्याचा ध्यास तिथून धरला. इथवर इच्छा नवऱ्याची होती. आता ती तिची स्वतःची झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या सभेत, आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे अठराव्या वर्षी त्यांनी जाहीरपणे सांगितले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या नवऱ्याविना निघाल्या.

न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माया मिळाली, पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश. नवऱ्याशी संबंध उरला तो पत्रांचा. समोरासमोर जे बोलता आले नसते, ते या अंतराने बोलू दिले.

त्या पत्रात त्या एकेक गोष्ट मोजतात : दहाव्या वर्षी लाकडाचा मार, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, टाकून देण्याची धमकी. हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार नाही, म्हणून आपण गप्प राहिलो, हेही त्या सुनावतात. तुमचे वागणे चांगले की वाईट, असे विचाराल तर दोन्ही, हे त्यांचे उत्तर. अंतिम हेतू पाहता योग्य. बालमनावर झालेला परिणाम पाहता अयोग्य.

यात रड नाही, माफीची मागणीही नाही. ज्याने घडवले त्याचे ऋण मान्य करून त्याच्याच वागण्याचे मोजमाप करणारी ही बाई तेव्हा विशीचीसुद्धा धड झाली नव्हती! गोपाळरावांना कर्तबगार पत्नी हवी होती, पण आपल्या हातची. ती स्वतःच्या बुद्धीने त्यांना तोलील, हे त्यांच्या हिशोबात असावे असे वाटत नाही. ते स्वतः १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले आणि पत्नीला आपलेसे करणाऱ्या त्याच समाजावर व्याख्यानांतून तोंडसुख घेऊ लागले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाची जबाबदारी देऊ केली होती, पण क्षयाने पोखरलेल्या त्या तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाची शिळा आजही उभी आहे.