बजाज चेतक

हा लेख दुचाकी स्कूटरविषयी आहे. महाराणा प्रताप यांच्या घोड्यासाठी पहा: चेतक.

बजाज चेतक ही पुण्यातील बजाज ऑटो या कंपनीची स्कूटर आहे. पेट्रोलवर चालणारी मूळ चेतक १९७२ साली बाजारात आली आणि सुमारे तीन दशके ती भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाचे प्रमुख वाहन होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे उत्पादन बंद झाले. २०१९ साली कंपनीने याच नावाच्या, विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे अनावरण केले व जानेवारी २०२० मध्ये तिची विक्री सुरू केली. बंद पडलेले वाहन जुन्या नावाने, परंतु सर्वस्वी नव्या यंत्रणेसह पुन्हा बाजारात आणण्याचे हे भारतातील एक ठळक उदाहरण आहे.

नाव

१५७६ सालच्या हळदीघाटीच्या लढाईशी जोडल्या गेलेल्या महाराणा प्रताप यांच्या चेतक या घोड्यावरून स्कूटरला हे नाव देण्यात आले.

पार्श्वभूमी

बजाज ऑटोची स्थापना १९४५ साली 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाने झाली. प्रारंभी ही कंपनी दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकत असे. १९५९ साली तिला उत्पादनाचा परवाना मिळाला. त्यानंतर इटलीतील पियाजिओ कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने ती भारतात व्हेस्पा स्कूटर तयार करू लागली. हा करार १९७१ साली संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. पुढील वर्षी बजाजने व्हेस्पा स्प्रिंटच्या रचनेवर आधारलेली स्कूटर स्वतःच्या नावाने आणली. तीच चेतक होय.

मूळ चेतकची रचना

मूळ चेतकमध्ये सुमारे १४५ घनसेंटिमीटर क्षमतेचे टू-स्ट्रोक इंजिन होते. स्वतंत्र सांगाडा नसून पत्र्याची बांधणी हाच वाहनाचा सांगाडा असे. चार गिअर डाव्या हाताच्या मुठीने बदलावे लागत. मागील चाकाचा ब्रेक पायाने, तर पुढील चाकाचा ब्रेक हाताने लावला जाई. इंजिन उजव्या बाजूस असल्यामुळे वाहनाचा तोल किंचित त्या बाजूस झुकलेला असे. पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात ऑइल मिसळावे लागे. सकाळी स्कूटर सुरू होत नसल्यास ती एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. सोबत दिलेली स्टेपनी आणि जवळपास कोणत्याही गावी उपलब्ध होणारी दुरुस्ती यांमुळे ती दूरच्या प्रवासासाठीही वापरली जाई.

परवाना पद्धती आणि प्रतीक्षा यादी

१९९१ पूर्वीच्या परवाना पद्धतीत कोणत्या कारखान्याने किती वाहने तयार करावीत, याची मर्यादा सरकार ठरवत असे. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा कायद्यामुळे मोठ्या उद्योगसमूहांच्या विस्तारावर आणखी बंधने आली. मागणी असूनही उत्पादन वाढवता येत नसल्यामुळे चेतकसाठी नोंदणी केल्यानंतर अनेक वर्षे, काही काळ तर दहा वर्षांपर्यंत थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांना स्कूटर लवकर मिळत असे. १९६८ पासून कंपनीची धुरा सांभाळणारे राहुल बजाज (१९३८–२०२२) हे या निर्बंधांचे उघड टीकाकार होते.

याच काळात, १९७५ साली, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या सातारा येथील कारखान्यात 'प्रिया' ही स्कूटर तयार होत असे. बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. १९८९ सालच्या 'हमारा बजाज' या दूरदर्शनवरील जाहिरातीने स्कूटर आणि सामान्य भारतीय कुटुंब यांचे नाते अधिक दृढ केले.

ऱ्हास आणि उत्पादनाचा शेवट

१९८० च्या दशकात कायनेटिक होंडासारखी गिअर नसलेली, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर आणि हिरो होंडाच्या कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली बाजारात आल्या. १९९१ नंतर परवाना पद्धती शिथिल झाली आणि प्रतीक्षा यादीही इतिहासजमा झाली. प्रदूषणाचे निकष कडक होत गेल्याने टू-स्ट्रोक इंजिने मागे पडली. चेतकला फोर-स्ट्रोक इंजिन बसवण्यात आले, तरी घसरण थांबली नाही. २००१ साली होंडाची ॲक्टिव्हा आणि बजाजचीच पल्सर मोटारसायकल आली. चेतकचे उत्पादन २००६ च्या सुमारास बंद झाले. २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातील वाहन उत्पादनही थांबवण्यात आले.

डिसेंबर २००९ मध्ये व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्कूटर निर्मितीतून पूर्णपणे बाहेर पडून मोटारसायकलींवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. या निर्णयाने आपल्याला दुःख झाल्याचे त्यांचे वडील राहुल बजाज यांनी सार्वजनिकरीत्या सांगितले होते. पुढील दशकभर बजाजची एकही स्कूटर बाजारात नव्हती आणि याच काळात गिअररहित स्कूटरची मागणी देशभर वाढत गेली.

पुनरागमन

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी नवी दिल्ली येथे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत विद्युत चेतकचे अनावरण झाले. १४ जानेवारी २०२० रोजी तिच्या किमती जाहीर झाल्या. दोन प्रकारांची किंमत अनुक्रमे १ लाख आणि १ लाख १५ हजार रुपये होती. विक्रीचा आरंभ पुणे व बंगळूर या दोन शहरांतून झाला. उत्पादन चाकण येथे होत असे.

नव्या चेतकमध्ये जुन्या स्कूटरचा एकही यांत्रिक भाग नाही. इंजिन, गिअर, किक आणि ऑइल यांची जागा विद्युत मोटर व ३ किलोवॅट-तास क्षमतेच्या लिथियम-आयन बॅटरीने घेतली. एका चार्जमध्ये ती सुमारे ९५ किलोमीटर धावेल, असे कंपनीने सांगितले. मात्र बहुतेक स्पर्धक प्लॅस्टिकचे आवरण वापरत असताना चेतकचे बाह्यांग पोलादी ठेवण्यात आले. गोलाकार बाजू आणि चाकाला एकाच बाजूने दिलेला आधार ही जुन्या रचनेची वैशिष्ट्येही कायम राहिली.

कोविड-१९ साथीमुळे उत्पादन व नोंदणी विस्कळीत झाली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालेली नोंदणी मोठ्या प्रतिसादामुळे दोन दिवसांतच थांबवावी लागली. १० जून २०२२ रोजी, म्हणजे राहुल बजाज यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी आणि त्यांच्या ८४व्या जयंतीदिनी, आकुर्डी येथे चेतक टेक्नॉलॉजी या उपकंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी बजाजने ३०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा केली होती आणि वार्षिक क्षमता ५ लाख वाहनांची ठेवण्यात आली. वाहन उत्पादन थांबल्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी आकुर्डीत पुन्हा चेतक तयार होऊ लागली.

पुढील प्रगती आणि मर्यादा

जून २०२४ मध्ये एक लाख रुपयांहून कमी किमतीची '२९०१' ही आवृत्ती आली. डिसेंबर २०२४ मधील '३५' मालिकेत बॅटरी पाय ठेवण्याच्या फळीखाली बसवण्यात आली. त्यामुळे आसनाखाली ३५ लिटर जागा मोकळी झाली आणि एका चार्जमधील घोषित पल्ला १५३ किलोमीटरपर्यंत वाढला. त्याच महिन्यात वाहन नोंदणीच्या आकडेवारीनुसार विद्युत दुचाकींमध्ये बजाज देशात पहिल्या क्रमांकावर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांमुळे उत्पादन घटले.

प्रत्यक्ष पल्ला घोषित आकड्यापेक्षा कमी असतो. चढ, वेग व वजन यांवर तो अवलंबून असतो. रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर आहे. जुन्या चेतकला अशा प्रवासात वाटेत कोठेही पेट्रोल भरता येई; विद्युत चेतकला मार्गावर चार्जिंगची सोय आणि काही तास वेळ लागतो. त्यामुळे तिचा वापर मुख्यतः शहरातील रोजच्या प्रवासासाठी होतो.

तत्सम उदाहरणे

अमेरिकेत डॉज चॅलेंजर (२००८) व शेव्हरोले कॅमेरो (२००९) या मसल कार जुन्या आकारात परतल्या, पण त्यांची पेट्रोल इंजिने कायम राहिली. डॉज चार्जर २०२४ साली विद्युत रूपात आली. भारतात जावा मोटारसायकल २०१८ साली, तर कायनेटिक डीएक्स ही विद्युत स्कूटर व टाटा सिएरा ही मोटार २०२५ साली पुन्हा बाजारात आल्या. मूळ चेतकसाठी ग्राहकाला थांबावे लागे, कारण पर्याय थोडे होते. नव्या चेतकला मात्र अनेक कंपन्यांशी स्पर्धा करावी लागते. जुन्या नावाने लक्ष वेधले जात असले, तरी खप किंमत, पल्ला आणि सेवा यांवर ठरतो.