गुमगावच्या ढिगांवरची झाडे

खाणीच्या जागेवर झाड जगत नाही, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. घोटावड्याजवळ चांदे-नांदे भागात खडीच्या खाणी आहेत, त्यामुळे हा विषय पारावर निघतोच. मला अशा वेळी नागपूर जिल्ह्यातले गुमगाव आठवते.

सावनेर तालुक्यातले हे गाव मँगनीजचे. त्या पट्ट्यात ब्रिटिश कंपनी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९६२ मध्ये मॉईल स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. मालक बदलले, पण वरचा दगडधोंडा बाहेर फेकायची रीत तीच! त्याचे डोंगर झाले. त्यात ना कुजलेला पाला, ना नत्र. पाणीही ठरत नाही. नुसता खड्डा खणून रोप लावले तर ते खाणार काय?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेतील आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे हाती घेतले. आधी माती, मग झाड. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी (शेतकरी तिला प्रेसमड म्हणतात) त्यांनी ढिगात मिसळली. हवेतला नत्र धरणारे तिथलेच जिवाणू वेगळे काढून वाढवले आणि रोपांच्या मुळांना दिले. जोडीला स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी. मग त्या ढिगांवर साग, शिसू, शिवण, कडुनिंब उभे राहिले. मला यातली मळीची गोष्ट फार आवडते. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याच्या कचऱ्याला जीव देतो!

गोव्यात लोहखनिजाच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया भरपूर लावला गेला. तो भराभर वाढतो, ढीग धरून ठेवतो, हे खरे. पण त्याच्या पाल्याखाली दुसरे फारसे उगवत नाही. हिरवे दिसते, रान होत नाही.

आमच्याकडे पंचाईत निराळी. काळा कातळ फोडून नेला की मागे उरतो उभा कडा आणि पाण्याचा खड्डा. मळी मिसळायची कशात? म्हणून खाण सुरू होतानाच वरची माती आणि मुरूम बाजूला राखायला हवा. त्यात रानाचे बी असते, मुळ्या असतात. ती माती एकदा कुणाच्या प्लॉटच्या भरावात गेली, की मग ५ जूनला कितीही रोपे वाटा. ग्रामसभेत खाणीच्या ना-हरकतीचा विषय येईल तेव्हा कुणीतरी उठून एवढेच विचारावे, वरची माती कुठे ठेवणार?