गलबताच्या तळाचे दप्तर

आरमाराचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे तोफा, शिडे आणि जलदुर्ग उभे राहतात. पाण्याखालच्या तळाकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. लाकूड असो वा लोखंड, समुद्रात उतरले की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. त्यावर सूक्ष्म शेवाळ येते. मागोमाग शिंपल्यांची आणि इतर कवचधारी जीवांची पिल्ले येऊन चिकटतात. नौका जड होते, वेग मंदावतो. इंग्रजांनी १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले ते यासाठीच. मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवली आहे. तिच्याही तळाला तांबेच होते.

या साऱ्या खटाटोपात तळावरचे जीव म्हणजे केवळ ओझे, असाच समज होता. ते ओझे एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात वस्ती करते, हा विचार फार उशिरा आला.

मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याकडचा एक छोटा शिंपला आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘मायटिलॉप्सिस सॅली’ म्हणतात. १९६७ साली तो विशाखापट्टणम बंदरात आढळला. पुढे मुंबईच्या गोदीतही दिसला. आला तो राहिलाच. १९९९ च्या मार्च महिन्यात हाच शिंपला ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे, खासगी नौकांसाठी बांधलेल्या बंदिस्त गोदीत सापडला. सुमारे सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत त्याचा मागमूस नव्हता. सरकारने तातडीने अशा तीन गोद्या बंद केल्या आणि पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतून शिंपल्याचा निःपात केला. त्याबरोबर त्या पाण्यातले इतर जीवही मेले. हा उपाय शक्य झाला, कारण त्या गोद्यांना दरवाजे होते. मुंबईच्या खुल्या खाडीला दरवाजा कोठून बसवायचा? वाचकहो, येथे सारा प्रश्न वेळेचा आहे. शिंपला डोळ्यांना दिसेपर्यंत त्याची प्रजा पसरलेली असते.

म्हणून शास्त्रज्ञांनी तो पहिला बुळबुळीत थरच वाचायला घेतला. त्याला ते ‘बायोफिल्म’ म्हणतात. रीत सोपी आहे. धक्क्याजवळ पाण्यात पट्ट्या टांगायच्या, काही दिवसांनी त्यांवरचा थर खरवडायचा आणि त्यातील डीएनए वेगळा काढायचा. डीएनएची अक्षरे वाचण्याची पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली दिली. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी दाखवले की एका ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखता येते. पुढे एकाच नमुन्यातील शेकडो जातींचे तुकडे एकदम वाचणारी यंत्रे आली. डोळ्यांना न दिसणारे पिल्लूही आपली सही थरात ठेवून जाते आणि ती सही आता वाचता येते. न्यूझीलंडमधील नेल्सन येथील कॉथ्रॉन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या दिशेने बरेच काम केले आहे.

पण कागद हाती आला म्हणून इतिहास कळत नाही, हे मी गेली अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. येथेही तसेच आहे. पहिली अडचण अशी की मेलेल्या जीवाचा डीएनएही काही काळ पाण्यात टिकतो. म्हणून आरएनएही तपासतात. तो लवकर नष्ट होत असल्याने जिवंत कोण, याचा अंदाज येतो. दुसरी अडचण मोठी आहे. मोडी वाचता येणे निराळे आणि पत्रातला ‘दादा’ म्हणजे नेमका कोण, हे सांगणे निराळे. यंत्र अक्षरे वाचते; नाव सांगायला आधी कोणीतरी तो जीव हाती धरून, त्याची ओळख पटवून, त्याचा नमुना दप्तरी नोंदवलेला असावा लागतो. ज्याची नोंद नाही, तो आपला की परका, हे यंत्राला ठरवता येत नाही.

जहाजे समतोलासाठी जे पाणी भरून नेतात, त्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. तळावरच्या थरासाठी २०११ साली ऐच्छिक मार्गदर्शक सूचना आल्या. २०२३ मध्ये त्या सुधारल्या. या समतोल-पाण्याच्या कामासाठी निवडलेल्या जगातील सहा बंदरांत मुंबई होती, आणि तेथील जीवांची पाहणी आपल्या गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. अशी पाहणी म्हणजे बंदराचे जन्ममृत्यूचे दप्तर. ते आधी नीट असेल तरच नवा पाहुणा ओळखू येतो.

आमच्या शाळेतून दरवर्षी हुशार मुले बाहेर पडतात. एखाद्याने ‘मी शिंपले ओळखायला शिकणार’ म्हटले, तर घरचे विचारतात, ‘त्याने पोट भरेल का?’ प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर समाजाने द्यायचे आहे. यंत्रे विकत आणता येतात. पण किनाऱ्यावरचा प्रत्येक जीव नावानिशी ओळखणारी माणसे विकत मिळत नाहीत. ती घडवावी लागतात, आणि त्याला एक पिढी जाते. शिंपला तेवढा वेळ थांबत नाही.